कानाची कड

मयुरीनं ट्यूब उलटी करून मागची बारीक अक्षरं वाचायला घेतली आणि वंदना दारातल्या चपला सरळ करायला लागली.

रविवार होता, सकाळचे साडेसात. मयुरीचे बूट घालून झाले होते, पाण्याची पिशवी पाठीला लागली होती. सुरतेजवळच्या इच्छापोरच्या कारखान्यात येणाऱ्या मालाचे नमुने ती ज्या नजरेनं तपासते, त्याच नजरेनं ती आता दाराच्या चौकटीला टेकून आईनं हातात कोंबलेली सनस्क्रीनची ट्यूब तपासत होती. एसपीएफ पन्नास आहे, घामानं जात नाही, पाण्यानं जात नाही. दुकानदारानं तिन्ही गोष्टींवर बोट ठेवून दाखवलं होतं. वाचेना का, वंदना मनाशी म्हणाली.

"चार आठवड्यांत त्वचा उजळ," मयुरीनं वाचलं.

"अगं, सगळ्यांवर तसंच लिहितात."

"सगळ्यांवर नाही लिहीत." तिनं ट्यूब चपलांच्या कपाटावर ठेवली. आपटली असती तर वंदनाला बरं वाटलं असतं. "शेवटी तेच ना, आई."

मनगटावरच्या घड्याळाचं बटण दाबल्याचा बारीक आवाज आला आणि ती जिना उतरून गेली. ते घड्याळ एकदा सुरू झालं की ही पोरगी ते कुणासाठी थांबवायची नाही. मागच्या महिन्यात रस्त्यात तिची जुनी मैत्रीण भेटली, तर तिच्याशीही जागच्या जागी पळत बोलली होती.

वंदना दारातच उभी राहिली. तळपायाची आग मस्तकाला गेली होती, पण ती नेमकी कुणावर काढायची ते कळत नव्हतं. आत तिचा नवरा, सुधाकर, पेपर वाचत होते. पानामागूनच त्यांनी सल्ला दिला की सत्तावीस वर्षांची मुलगी आहे, सोड आता तिला. पेपर वाचणाऱ्या माणसाला सोडणं सोपं असतं.

खरं सांगायचं तर ती अक्षरं तिनं दुकानातच वाचली होती. उधन्याच्या त्या मेडिकलवाल्यानं दोन ट्यूबा काउंटरवर ठेवल्या होत्या, एक साधी आणि एक ही. "बेन, छोकरी माटे छे ने? आ ग्लोवाळी लई जाओ," मुलीसाठी असेल तर ही उजळवणारी न्या, असं त्याचं म्हणणं, आणि वंदनाचा हात ग्लोवाळीकडे गेला. ऊनही अडेल आणि जमलं तर तेही होईल, असा हिशोब त्या एका क्षणात तिच्या डोक्यात होऊनही गेला होता. घरी येईपर्यंत ती तो विसरली. नाही, विसरली नव्हती. विसरली असती तर मघाशी चपला कशाला सरळ केल्या असत्या?

मयुरी जन्मली तेव्हा नर्सनं आधी "मुलगी" म्हटलं आणि मग "वडिलांवर गेलीय रंगानं." तेव्हापासून वंदनाच्या हाताला चैन नव्हती. मसुराचं पीठ झालं, दुधाची साय झाली, हळद झाली. मयुरी सातवीत पळायला लागली तसा एक शब्द रोजच्या बोलण्यात येऊन बसला. काळी पडशील. उन्हात जाऊ नको, काळी पडशील. छत्री घे, काळी पडशील. नववीत असताना तिनं जिल्ह्याच्या स्पर्धेत तीन हजार मीटरला पहिला नंबर काढला, गळ्यात पदक घालून ती धापा टाकत मैदानाच्या कडेला आली, आणि वंदनाच्या तोंडून पहिलं वाक्य निघालं ते "केवढी रापलीस गं." वंदनाला ते आठवतही नव्हतं. मयुरीला आठवत होतं. दोन वर्षांपूर्वी एका भांडणात तिनं ते तारखेसकट काढून दाखवलं.

आता पोरगी बारा तासांच्या शर्यतीची तयारी करत होती. मार्चच्या मध्यावर, बडोद्याला, एका मैदानाभोवती सकाळी सहा ते संध्याकाळी सहा पळत राहायचं. ज्याच्या फेऱ्या जास्त, तो पुढे. वंदनानं पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला वाटलं आपलीच काहीतरी चूक होतेय ऐकण्यात. शर्यतीत दिवसभर ऊन असणार, म्हणून अंगाला उन्हाची सवय हवी, म्हणून गेले तीन रविवार मयुरी मुद्दाम उशिरा निघून दुपारी एकपर्यंत डुमस रोडवर पळत होती. बाकीची माणसं पहाटे पळून नऊला घरी येतात, गाठिया खातात आणि झोपतात. आपली मुलगी ऊन शोधत जाते.

एरवी वंदनानं एवढं मनावर घेतलंही नसतं. काळी पडशील म्हणता म्हणता तिनं कधीच हात टेकले होते. पण दिवाळीच्या आधी ललितचं झालं.

ललित तिचा धाकटा भाऊ. कामरेजच्या एका शाळेत तीस वर्षं खेळाचा मास्तर. मयुरीला पळायला त्यानंच लावलं, आणि रविवारी डुमस रोडवर पळणाऱ्यांचा जो गट जमतो तोही त्याचाच. त्याच्या उजव्या कानाच्या वरच्या कडेला एक खपली धरली होती. पडायची, पुन्हा धरायची. त्याला वाटलं चष्म्याची काडी घासते. त्यानं फ्रेम बदलली. मग हळद लावली, मग खोबरेल. आठ महिने गेले. एक दिवस उशीच्या अभ्र्यावर रक्त दिसलं तेव्हा बायकोनं त्याला ओढत डॉक्टरकडे नेलं. तुकडा तपासायला गेला, आणि जो शब्द कुणालाही ऐकायचा नसतो तो घेऊन परत आला.

वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाल्या. कानाचा भाग काढावा लागेल, दर तीन महिन्यांनी दाखवत राहायचं, पण वेळेत आलात. हा रक्तातून आलेला नाही, उन्हातून आलेला आहे. मग त्यांनी दहा मिनिटं जे सांगितलं ते वंदनानं, ती शिकवते त्या शाळेत परिपत्रक ऐकावं तसं, कान देऊन ऐकलं. कडेकडेनं सावली देणारी टोपी, पूर्ण बाह्या, बाहेर पडण्याआधी वीस मिनिटं क्रीम, आणि घाम गाळणाऱ्या माणसानं ते दर दोन तासांनी पुन्हा लावायचं. दहा ते चार बाहेर पळायचं नाही. लोक नाकाला लावतात आणि कान, मान, ओठ विसरतात. वंदनानं विचारलं होतं, आपल्यासारख्या सावळ्या माणसांनासुद्धा होतो का? डॉक्टर म्हणाल्या, रंगाचा उपयोग होतो, पण तो पुरत नाही. आपल्याला होतच नाही असं धरून चालतात, म्हणून आपली माणसं उशिरा येतात.

त्या क्षणी वंदनाच्या डोळ्यांपुढे भाऊ नव्हताच. मयुरी होती, डोक्यावर ऊन घेऊन, डुमस रोडवर.

आणि तरीही दवाखान्याच्या बाहेर येताच तिनं काय केलं? भावाला आणि भावजयीला बाकावर बसवलं आणि शपथ घातली. कुणाला सांगायचं नाही. गाठ होती, काढली. मयुरीलाही नाही, तिच्या पोटात काही राहत नाही. त्याच आठवड्यात चाळीसगावच्या एका घरातून मयुरीसाठी होकाराचा सूर आला होता. मुलगा बडोद्याला इंजिनिअर, माणसं चांगली, पण चौकस. आजोळी कुणाला काय काय आहे ते आडून आडून विचारून झालं होतं. ललित म्हणाला होता, ताई, डॉक्टरांनी काय सांगितलं ऐकलंस ना, हा वंशात येणारा नाही. वंदना म्हणाली होती, ते तुला कळतं, मला कळतं, त्यांना कोण समजावणार? ललितनं मान डोलावली. ताईनंच त्याला सुरतेत आणून नोकरीला लावलं होतं. तो ताईला कधी नाही म्हणत नसे. तेव्हापासून तो कानांवर आणि मानेवर कापड लोंबणारी टोपी घालून फिरत होता, आणि मयुरी त्याला विचारत होती, मामा, वाळवंटात निघालास का?

चार महिने. चार महिन्यांत वंदनानं दोन टोप्या आणल्या, बाह्यांचा एक जोड आणला, ही तिसरी ट्यूब. प्रत्येक वस्तू मयुरीच्या हातात पडली की तिचं 'काळी पडशील' व्हायचं. मागच्या रविवारी तर तिनं हसून सांगितलं होतं, "आपल्या कातडीला काही होत नसतं, आई. काळं असण्याचा एवढा तरी फायदा घेऊ दे मला." ह्याला उत्तर होतं. ते ललितच्या टोपीखाली होतं, आणि टोपी वंदनानंच त्याला घातली होती.

दहा वाजता तिनं गच्चीवरचे कपडे काढले तेव्हा दोरी हाताला भाजली. फेब्रुवारी संपायचा होता अजून. तिनं कपडे खाटेवर टाकले, ट्यूब पर्समध्ये घातली आणि स्कूटरची किल्ली घेतली. निघताना सवयीनं ओढणी डोक्यावरून, तोंडावरून, गळ्याभोवती घेऊन डोळे तेवढे उघडे ठेवले, आणि कोपरापर्यंतचे हातमोजे चढवले. सुरतेतल्या सगळ्या बायका स्कूटरवर अशाच दिसतात. मयुरी तिला डाकू म्हणायची. सिग्नलला थांबल्यावर वंदनाच्या लक्षात आलं, डॉक्टरांनी जे जे सांगितलं होतं ते सगळं आपण गेली वीस वर्षं करतोय. कारण वेगळं होतं, एवढंच. तिला हसूही येईना.

मगदल्ल्याच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला, ललितनं एका निंबाखाली टेबल मांडलं होतं. लिंबाचं सरबत, खजूर, मीठ लावलेले उकडलेले बटाटे. पळणारी बहुतेक माणसं गेली होती. सात किलोमीटर पुढे आणि सात मागे अशा फेऱ्या मारत मयुरी एकटीच राहिली होती. ललितनं घड्याळ पाहून सांगितलं, दहा मिनिटांत येईल. मग त्यानं बहिणीकडे नीट पाहिलं आणि खुर्ची पुढे केली. वंदना बसली नाही. तिनं ओढणी सोडली.

"टोपी काढ, ललित."

"इथं?"

"ती येईल तेव्हा तुझ्या डोक्यावर टोपी नको."

ललितनं टेबलावरचे पेले उगीच एका रांगेत लावले.

"ताई, तूच शपथ घातली होतीस."

"मीच घातली होती. मीच सोडवतेय."

"आणि चाळीसगावचे? पुढच्या रविवारी येणार आहेत ना?"

वंदनानं एक बटाटा उचलला आणि त्याचं राहिलेलं साल काढायला लागली. साल निघालं तरी ती नख लावतच राहिली. मग ललितनं टोपी काढली आणि घडी करून खिशात ठेवली. निंबाची सावली दाट होती, पण त्याला उघड्यावर बसल्यासारखं वाटत असावं. त्यानं हात दोनदा कानाकडे नेला आणि परत आणला.

मयुरी आली ती पाय ओढत नव्हती, एवढं मात्र खरं. कानशिलांवर मीठ सुकून पांढरं झालं होतं, नाकाच्या शेंड्याची साल निघाली होती. टेबलापाशी ती थांबली, पण पाय चालूच. तिनं पेला तोंडाला लावला आणि मग तिला आई दिसली, आईच्या हातातली पर्स दिसली.

"तू इथं कशाला आलीस? मी लावणार नाहीये ते."

मयुरीनं दुसऱ्या पेल्यासाठी मामाकडे हात केला आणि तिचे पाय थांबले.

कानाची वरची कमान नव्हती. पोळीच्या कडेचा एक घास मोडून घ्यावा तेवढा कान गेला होता, आणि उरलेली कड नव्या कातडीनं गुलाबी, गुळगुळीत झाली होती.

"हे गाठीचं आहे?"

ललितनं बहिणीकडे पाहिलं. हे त्यानं सांगायचं नव्हतं.

"कॅन्सर होता," वंदना म्हणाली. रस्त्यावर, दिवसाउजेडी, तो शब्द तिला वाटला होता तेवढा मोठा निघाला नाही. "कातडीचा. तीस वर्षं मैदानावर उभा राहिला त्याचा. काढलाय आता."

"गाठ म्हणालात मला."

"मी म्हणायला लावलं."

"का?"

वंदनाला इथं पुष्कळ काही सांगता आलं असतं. तुझ्या नोकरीचं, शर्यतीचं, तू घाबरली असतीस, असं काहीही. चार महिन्यांत तिनं अशी सात-आठ उत्तरं तयार करून ठेवली होती.

"चाळीसगावच्यांना कळलं तर ते मागे फिरतील म्हणून."

हजिऱ्याकडे जाणारा एक लांबलचक ट्रेलर गेला. मग मयुरीनं मामाला विचारायला सुरुवात केली, आईकडे पाठ करून. कुठे सुरू झालं, दिसायला कसं होतं, दुखत होतं का, किती महिने. नमुन्याची नोंद करावी तसे एकेक प्रश्न. ललितनं खपलीचं सांगितलं, चष्म्याच्या काडीचं सांगितलं, हळदीचं सांगितलं, आणि डॉक्टर सावळ्या कातडीबद्दल जे म्हणाल्या होत्या तेही सांगितलं. शेवटचं ऐकून मयुरीनं नाकाच्या सोललेल्या शेंड्याला बोट लावलं आणि काढलं.

"म्हणून तू ते सगळं आणत होतीस," ती आईला म्हणाली.

"म्हणूनच." वंदनाला इथं थांबता आलं असतं. "ही ट्यूब मात्र नाही. ती दोन्हींसाठी घेतली. दुकानात मी वाचलं होतं ते."

मयुरीनं मान हलवली. तिला हे माहीतच होतं, तसं.

"आणि आता त्या लोकांना कळलं तर?"

"मीच सांगणार आहे त्यांना."

ह्यावर मयुरीनं आईकडे जरा जास्त वेळ पाहिलं. विश्वास ठेवल्यासारखं नाही, नुसतं पाहिलं. मग तिनं हात पुढे केला, पण वंदनाच्या पर्सकडे नाही. टेबलावर सरबताच्या भांड्यामागे ललितची डबी होती, डॉक्टरांनी लिहून दिलेली. घट्ट, चुन्यासारखं मलम. ते कातडीत मुरत नाही, वरच बसतं. मयुरीनं दोन बोटं भरून घेतलं आणि गालांना, कपाळाला, नाकाला, मानेला फासलं. राग काढावा तसं फासलं. घामात ते नीट पसरेना. कपाळावर पट्टे उठले, भुवया पांढऱ्या झाल्या. पिठाच्या डब्यात तोंड घातल्यासारखी ती दिसायला लागली.

तिनं तोंड आईसमोर आणलं.

"झाले का आता गोरी?"

वंदनानं पाहिलं. सत्तावीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते समोर होतं, आणि त्यात तिची मुलगी कुठे सापडत नव्हती. फक्त डोळे ओळखीचे होते, आणि ते रागावलेले होते.

"झालीस," ती म्हणाली. "मुळीच चांगली दिसत नाहीस. पण पुसू नकोस."

ललितला ठसका लागला. मयुरी हसली नाही. तिनं बाटलीत पाणी भरलं, एक बटाटा गालात कोंबला आणि वळून पळायला लागली. घड्याळ सगळा वेळ चालूच होतं.

"कान राहिले तिचे," ललित म्हणाला.

वंदनानं टेबलावरची डबी उचलली आणि ती चपला घातलेल्या पायांनी डुमस रोडच्या कडेनं धावत सुटली. शेवटचं कधी धावली होती ते तिला आठवत नव्हतं. ओढणी गळ्यातून सुटून मागे लोंबत होती, डोक्यावर ऊन होतं, आणि छपन्न वर्षांची, दोन वर्षांनी निवृत्त होणारी एक मास्तरीण प्रार्थनेच्या मैदानावर मारतात तशी हाक मारत होती.

"मयुरी! कान!"

वीसेक पावलांवर मयुरी थांबली. वळली नाही. धापेनं तिचे खांदे वरखाली होत होते. ती आता निघून जाणार, असं वंदनाला वाटलं, आणि गेली असती तरी तिला काही म्हणता आलं नसतं. ती तिथंच उभी राहिली, हातात डबी धरून.

मग बटणाचा तो बारीक आवाज आला. मयुरीनं घड्याळ थांबवलं होतं. ती चालत परत आली आणि आईसमोर मान तिरकी करून उभी राहिली. केस तिनंच एका हातानं बाजूला धरले.

वंदनानं बोटावर मलम घेतलं आणि उजव्या कानाच्या वरच्या कडेपासून सुरुवात केली, मग मागची घडी, मग पाळी. कान तापलेला होता. बाराव्या दिवशी सोनारानं टोचला तेव्हा हाच कान तिनं धरून ठेवला होता. मयुरीच्या मानेवरून घामाचा एक ओघळ वंदनाच्या मनगटावर आला. काही बोलावं असं तिला वाटलं, पण जे बोलायची सवय होती ते आता बोलण्यासारखं नव्हतं, आणि दुसरं अजून जमत नव्हतं.

"झालं," ती म्हणाली.

मयुरीनं मान वळवून दुसरा कान पुढे केला.